पहिली तीन गाणी

‘पहिली तीन गाणी. फ्लॅश नाही.’

मोठ्या रॉक कॉन्सर्टचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही व्यावसायिक फोटोग्राफरला झोपेतून उठवलंत तरी तो हे घडाघडा म्हणून दाखवेल. पास गळ्यात अडकवायचा, स्टेज आणि लोखंडी कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळात (त्याला पिट म्हणतात) दहा-पंधरा जणांबरोबर कोपराकोपरी करत उभं राहायचं, आणि तिसरं गाणं संपलं की सिक्युरिटीवाले सगळ्यांना रांगेने बाहेर काढतात. एक गाणं चार मिनिटांचं धरलं तर झाली बारा मिनिटं. बँड पुढे दोन तास वाजवतो, ते आपलं काम नाही.

नियम म्हटला तर साधा आहे. पण मला अशा गोष्टींत खोड काढायची सवय. एका शनिवारी एक्सेल उघडून बसलो, आणि रॉक संगीतातले सगळ्यात गाजलेले कॉन्सर्टमधले फोटो कोणते, त्याची यादी केली. फोटो, फोटोग्राफर, जागा, तारीख, आणि शेवटचा रकाना: कितवं गाणं?

पहिली ओळ अर्थात जिमी हेन्ड्रिक्सची. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हल. हेन्ड्रिक्स गुडघ्यावर बसलाय, पुढ्यात गिटार जळतेय, आणि तो दोन्ही हात हलवून ज्वाळांना वर बोलावतोय. हा फोटो तुम्ही नक्की पाहिलेला आहे, हॉस्टेलच्या भिंतीवर नाहीतर टी-शर्टवर. काढणारा एड कॅराफ तेव्हा सतरा वर्षांचा, शाळकरी पोरगा. स्टेजला खेटून एका खुर्चीवर उभा होता. हेन्ड्रिक्स हे नावही त्याने आधी ऐकलेलं नव्हतं. शेजारच्या एका जर्मन फोटोग्राफरने त्याला सांगून ठेवलं होतं, की याच्यासाठी थोडी फिल्म शिल्लक ठेव. शेवटच्या गाण्यात हेन्ड्रिक्सने गिटार खाली ठेवली, लायटरमधलं इंधन तिच्यावर ओतलं आणि पेटवून दिली. पोराला धग जाणवत होती, त्याने कॅमेराच ढालीसारखा तोंडापुढे धरला होता. रोलमध्ये एकच फ्रेम उरली होती. ती त्याने तिथे खर्च केली. (पुढे कॅराफ फोटोग्राफी सोडून स्वयंपाकी झाला, शेफ. आगीशी संबंध तुटला नाही म्हणायचा!)

गाणं नववं. शेवटचं.

दुसरी ओळ, सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचं पॅलेडियम थिएटर. द क्लॅश या ब्रिटिश बँडचा बेस वाजवणारा पॉल सिमोनन प्रचंड वैतागलेला. थिएटरमध्ये पक्क्या बसवलेल्या खुर्च्या, आणि कोणी उठून उभं राहिलं की बाउन्सर दाबून खाली बसवत होते. पंक बँडपुढे पब्लिक नाट्यसंगीताला बसल्यासारखं गप्प! शेवटी त्याने बेस गिटार उलटी धरली, कुऱ्हाडीसारखी डोक्यावर उचलली आणि स्टेजवर आपटायला लागला. पेनी स्मिथ काही फुटांवर होती. तो आपल्याच दिशेने येतोय हे पाहून ती मागे सरकली आणि सरकता सरकता बटण दाबलं. फोटो फोकसमध्ये नाही. सिमोननचा चेहराही दिसत नाही. कव्हरवर हा नको, असं तिचं स्वतःचं मत होतं, पण गायक जो स्ट्रमर आणि कव्हर करणारा रे लोरी ऐकेनात. तोच फोटो डिसेंबर १९७९ मध्ये ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमवर आला. २००२ मध्ये ‘क्यू’ मासिकाने तो रॉक अँड रोलमधला सर्वोत्तम फोटो ठरवला. अनफोकस्ड फोटो! आपल्याकडे लग्नाच्या अल्बममधूनसुद्धा काढून टाकला असता.

गाणं: शेवटाकडचं.

तिसरी ओळ, जून १९७२, ऑक्सफर्ड टाउन हॉल. डेव्हिड बोवी आपल्या गिटारवाल्याच्या, मिक रॉन्सनच्या, पुढ्यात वाकून त्याची गिटार दातांनी वाजवतोय. फोटो मिक रॉकचा. बोवीच्या मॅनेजरने ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात अख्खं पान विकत घेऊन तो छापला. हेही कार्यक्रम रंगात आल्यावर, उत्तरार्धात. चौथी ओळ जॉनी कॅशची, फेब्रुवारी १९६९, सॅन क्वेंटिन तुरुंग. कॅश लेन्समध्ये बघून मधलं बोट दाखवतोय. जिम मार्शलने त्याला म्हटलं होतं, की तुरुंगाधिकाऱ्यासाठी एक होऊन जाऊ दे. हा फोटो कार्यक्रम सुरू होण्याआधी, तयारी चालली होती तेव्हाचा.

थोडक्यात, एक पहिल्या गाण्याच्या आधीचा आणि बाकी तिन्ही पार शेवटाकडचे. ‘पहिली तीन’ या खात्यात भोपळा.

हे तसं समजण्यासारखंच आहे. आपल्याकडची मैफल डोळ्यांसमोर आणा. ख्याल गायकाला पंधरा मिनिटांत उठवलंत तर विलंबित जेमतेम स्थिरस्थावर झालेलं असेल. भीमसेनजींचा तो हवेत झेपावलेला हात, मिटलेले डोळे, ते सगळं तानांमधलं, पुढचं. तंबोरे लावताना आणि पहिल्या आवर्तनांत काढलेले फोटो बिघडत नाहीत, पण त्यांत गाणं नसतं. रॉकचं गणित वेगळं असलं, पहिलं गाणं जोरातच सुरू होत असलं, तरी गायकाचा मेकअप, केस आणि भान सुटायला वेळ लागतोच.

मग हा नियम आला कुठून? त्यासाठी जरा मागे, उजेडाच्या प्रश्नाकडे जावं लागेल.

१९३०च्या दशकाच्या शेवटी विल्यम गॉटलीब नावाचा तरुण ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये जॅझवर सदर लिहायचा. पेपर त्याच्याबरोबर फोटोग्राफर पाठवायला तयार होईना, तेव्हा त्याने स्वतःच ‘स्पीड ग्राफिक’ हा प्रेसवाल्यांचा धिप्पाड कॅमेरा घेतला आणि शिकला. त्या कॅमेऱ्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोन तुकडे, दोन्ही बाजूंना एकेक. आणि फ्लॅशबल्ब एकदा पेटला की मेला, दुसऱ्या फोटोला दुसरा बल्ब. म्हणजे प्रत्येक क्लिकला खिशातून खरे पैसे जायचे. १९४०च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांचे, बिली हॉलिडेपासून चार्ली पार्करपर्यंतचे जे चेहरे आपल्याला माहीत आहेत, त्यांतले कितीतरी या माणसाने असे मोजून-मापून टिपले आहेत. त्याच काळात हर्मन लेनर्ड क्लबमालकांशी सौदा करायचा: मला आत सोडा, मी तुम्हाला दारावर लावायला फोटो देतो. १९४८ मधला सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डन आणि त्याच्या सिगारेटचा तो धुराचा ढग हे त्याचंच काम, धुरामागून दिवा टाकून केलेलं. म्हणजे सुरुवातीला फ्लॅश नसेल तर फोटोच नाही, अशी स्थिती होती.

ती बदलली फिल्ममुळे. १९५४ मध्ये कोडॅकने ‘ट्राय-एक्स’ ही जलद फिल्म छोट्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठी आणली. पुढे तिचा वेग ४०० म्हणून नोंदला जाऊ लागला. ती ४००ची फिल्म १६००ची आहे असं समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, की चौपट कमी उजेडात काम भागतं. बदल्यात जाडाभरडा ग्रेन आणि काळ्याकुट्ट सावल्या. आपण ज्याला रॉक फोटोग्राफीचा ‘लुक’ म्हणतो आणि आता फिल्टर मारून आणतो, तो बराचसा या तडजोडीचा बायप्रॉडक्ट आहे. फ्लॅशची गरज संपली, खांद्याला छोटा कॅमेरा लटकवून माणूस स्टेजवरच्या अंधारात, अँप्लिफायरच्या आडोशाला दोन तास कोणाच्या नजरेत न येता उभा राहू शकला.

आणि त्याला उभं राहू दिलं जायचं, हे जास्त महत्त्वाचं. जिम मार्शल या बाबतीत हट्टी माणूस. पूर्ण मोकळीक असेल, म्हणजे स्टेज, स्टेजमागे, कपडे बदलायची खोली, सगळीकडे, तरच काम. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सचा तिकीट लावून झालेला शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा पडद्यामागे तो होता. विश्वास हेच त्याचं भांडवल. लोकांचे नको ते फोटोही त्याच्याकडे असणारच, पण कोणाचा घात करणारं काही छापायचं नाही हा त्याचा बाणा होता. २०१० मध्ये तो गेला. २०१४ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी त्याला मरणोत्तर ट्रस्टीज अवॉर्ड दिलं.

दुसरा बॅरन वोल्मन. १९६७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिक निघत होतं तेव्हा त्यांच्याकडे फोटोग्राफरला द्यायला पैसे नव्हते. वोल्मन म्हणाला, पगार नको, फिल्मचा खर्च द्या, कंपनीचे थोडे शेअर द्या, आणि फोटोंची मालकी माझ्याकडे राहील. स्टार्टअपमध्ये ईसॉप घेऊन राबणाऱ्या माझ्या दोस्तांनो, हा माणूस तुमचा पूर्वज आहे. फरक एवढाच की त्याने शेअरपेक्षा शहाणी अट मालकीची घातली. तीन-एक वर्षांत तो तिथून बाहेर पडला, पण निगेटिव्ह त्याच्याच होत्या, आणि २०२० मध्ये जाईपर्यंत त्या त्याच्याच राहिल्या.

१९८०च्या दशकात हे चित्र पालटलं. तीन गाण्यांचा नियम नेमका कोणी पहिल्यांदा लावला यावर फोटोग्राफर मंडळींत बऱ्याच कहाण्या आहेत, पण कारणं म्हणून दोन गोष्टी सगळेच सांगतात. एक म्हणजे गर्दी. रॉकचा धंदा मोठा झाला, पिटमध्ये तीनच्या जागी तीस जण आले आणि सगळे गायकाच्या डोळ्यांत फ्लॅश मारायला लागले. दुसरं कारण १९८१ मध्ये सुरू झालेलं एमटीव्ही. व्हिडिओत गायक कसा दिसावा हे ठरवणारी माणसं आली आणि मग तो कॉन्सर्टमध्येही तसाच दिसायला हवा झाला. घामाने मेकअप ओघळायच्या आत फोटो उरकून घ्या.

पहिलं कारण मला मान्य आहे. तुम्ही गाताय आणि समोर फुटभर अंतरावर कोणीतरी सतत विजा पाडतंय, कल्पना करा. तिकिटाचे पैसे मोजून पहिल्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसालाही स्टेज दिसायला हवं, फोटोग्राफरची पाठ नव्हे. यासाठी फ्लॅश बंद करा, माणसं कमी करा, कबूल. पण वेळ का कापायची? तर ती दुसऱ्या कारणासाठी. घाम दिसू नये म्हणून. आणि कॉन्सर्टच्या फोटोत घामच नको असेल तर स्टुडिओत जा की! परिणाम असा की सगळ्यांना तीच बारा मिनिटं, तोच बोळ, खालून वर तोच कोन. दुसऱ्या दिवशी चार पेपरांत चार फोटोग्राफरांचा एकच फोटो.

वेळेनंतर हात घातला गेला मालकीत. पास हवा असेल तर आधी कागदावर सही करा, असं सुरू झालं. कागदाचा मजकूर साधारण असा: फोटो एकदाच, याच पेपरात छापायचा, त्याआधी आमची मंजुरी घ्यायची, आणि कॉपीराइट आमचा. २०१५ साली हे प्रकरण चव्हाट्यावर आलं, आणि तेही गमतीशीर रीतीने. जूनमध्ये टेलर स्विफ्टने ॲपल कंपनीला जाहीर पत्र लिहिलं, की तुमच्या नव्या संगीत सेवेत पहिले तीन महिने कलाकारांना पैसे न देणं बरोबर नाही. ॲपलने एका दिवसात माघार घेतली. लगेच एका ब्रिटिश फोटोग्राफरने तिलाच जाहीर पत्र लिहिलं: बाई, तुमच्या कार्यक्रमाचा करार पाहिलात का? त्यात आम्ही फोटो एकदाच वापरायचा आणि तुम्ही मात्र प्रसिद्धीसाठी कायम, फुकट. त्या वर्षीच्या दौऱ्याच्या करारात तर अटी मोडल्यास फोटोग्राफरचं साहित्य जप्त किंवा नष्ट करता येईल, असंही कलम होतं. कॅमेरा फोडायचं कलम! ‘आयरिश टाइम्स’ने तिच्या डब्लिनच्या कार्यक्रमाचे फोटो छापायलाच नकार दिला. महिन्याभरात तिच्या लोकांनी अमेरिकेतल्या वृत्त-छायाचित्रकारांच्या संघटनेशी बोलून करार सौम्य केला, हे तिच्या खात्यावर नोंदवायला हवं.

त्याच जुलैत फू फायटर्स बँडचा करार ‘वॉशिंग्टन सिटी पेपर’ने नाकारला आणि जाहीर केलं, की आम्ही आमचा फोटोग्राफर पाठवत नाही, प्रेक्षकांकडून फोटो विकत घेऊ. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये ‘ल सोलेय’ या पेपराने सगळ्यांवर कडी केली. त्यांनी कार्यक्रमाला व्यंगचित्रकार पाठवला! स्केच काढायला कोणती सही लागणार?

यात आपल्याला काय, असं म्हणत असाल तर थांबा. तुमच्या-माझ्या ऑफर लेटरमध्येही एक परिच्छेद आहे, तोच जो कोणी वाचत नाही. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा. पण त्याबदल्यात आपल्याला पगार तरी मिळतो. पिटमधल्या माणसाला बँड दमडी देत नाही, उलट त्याच्याकडून मालकी मागतो. अमेरिकेत १९७८ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र फोटोग्राफरने काढलेला फोटो मुळात त्याचाच असतो, म्हणून तर तो काढून घ्यायला सही लागते. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा जास्त कडक आहे. कलम १७ नुसार कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. वीकएंडला मित्रांच्या बँडचे, कॉलेज फेस्टचे पैसे घेऊन फोटो काढणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचून ठेवा.

नाव आणि मालकी हातातून गेली की काय होतं, याचा नमुना ‘लंडन कॉलिंग’च्याच कव्हरवर आहे. त्यावरची गुलाबी-हिरवी अक्षरं एल्विस प्रेस्लीच्या १९५६च्या पहिल्या अल्बमवरून उचललेली. त्या अल्बमवरचा फोटोही कॉन्सर्टमधलाच: डोळे मिटून, आ वासून गाणारा एल्विस, गिटार पोटाशी. श्रेय छापलं ‘पॉप्सी’ या न्यूयॉर्कच्या फोटोग्राफरचं. प्रत्यक्षात तो ३१ जुलै १९५५ रोजी फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे, विल्यम रॉबर्टसन नावाच्या तिथल्याच फोटोग्राफरने काढलेला. रॉकच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात जास्त नक्कल झालेलं कव्हर, आणि कित्येक वर्षं नाव दुसऱ्याचं. उलट गॉटलीबची इच्छा होती म्हणून त्याचे जॅझचे फोटो १६ फेब्रुवारी २०१० पासून सर्वांना खुले झाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर जाऊन कोणीही उतरवून घ्यावेत. त्याने दान केलं, कारण त्याच्याकडे दान करण्यासारखं काही शिल्लक होतं.

यातली तांत्रिक विसंगती तर मला झोपू देत नाही. २००७ मध्ये निकॉनचा ‘डी३’ आला आणि आयएसओ ६४००ला फोटो सहज निघायला लागले. म्हणजे ४००च्या फिल्मपेक्षा सोळापट संवेदनशील. उजेडाचा प्रश्न संपला म्हणा ना. (एलईडी दिव्यांनी नवा आणला. सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरवे आणि लाल, निळे पाव-पाव. दिग्दर्शकाने स्टेज भडक लाल केलं की तीन चतुर्थांश पिक्सेल जवळपास बेकार आणि उरलेले ओव्हरफ्लो.) पन्नास वर्षांत प्रथमच दोन तास फ्लॅशविना, आवाज न करता, रंगीत फोटो काढता येतील अशी यंत्रं हातात आली, आणि ती यंत्रं चालवता येणारी माणसं बाराव्या मिनिटाला पार्किंगमध्ये उभी! आत वीस हजार लोक मोबाईल वर धरून शेवटच्या गाण्यापर्यंत शूट करतायत.

हा नियम मुख्यतः मोठ्या नावांना आणि मोठ्या जागांना लागू, हे नशीब. १९८०च्या दशकाच्या शेवटी सिअ‍ॅटलच्या कोंदट क्लबांमध्ये चार्ल्स पीटरसन फ्लॅश मारायचा आणि शटर मात्र मुद्दाम उघडं ठेवायचा. त्यामुळे केस, घाम आणि अंगावर उड्या मारणारी पोरं गोठलेली दिसतात आणि भोवती दिव्यांच्या रेघोट्या. निर्वाणा जगाला माहीत होण्याआधीची ती गर्दी आपल्याला दिसते ती त्याच्यामुळे. त्याला कोणी गाणी मोजून दिली नव्हती. म्हणून होतं असं, की आजच्या बँडचा उमेदवारीचा काळ कोणा मित्राच्या हार्ड डिस्कवर भरभरून सापडतो आणि कीर्तीच्या शिखरावरची वर्षं म्हणजे बाराव्या मिनिटापर्यंतचे गोंडस चेहरे, किंवा बँडच्याच पगारी फोटोग्राफरने काढलेलं आणि मॅनेजरने पास केलेलं.

याला एक अपवाद सापडला, तो मला फार आवडला. किंग क्रिमसन हा ब्रिटिश बँड फोटोंच्या बाबतीत महाखडूस. २०१४ पासूनच्या त्यांच्या दौऱ्यांत प्रेक्षकांना आधीच बजावलं जायचं, की मोबाईल आणि कॅमेरे बंद. पण बँडमधला बेसवाला टोनी लेव्हिन स्वतः हौशी फोटोग्राफर. सगळं वाजवून झालं, टाळ्या सुरू झाल्या की तो स्टेजवरून आपला कॅमेरा काढायचा आणि प्रेक्षकांच्या दिशेने धरायचा. तो इशारा. टोनीने कॅमेरा उचलला की सगळ्यांनी उचलायचा.